तेविसावी विहीर

गोकर्णा मावशीचं नाव आधी घेतो. बाकीचं मग.

संग्रामपूर तालुक्यात, सातपुडा अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो अशा एका गावात तिचं घर आहे. मागं वांग्यांचा आणि मेथी-कोथिंबिरीचा मळा. मळ्यात विहीर. मी तिचा कोणी लागत नाही. मी कोकणातला, आठवीत शाळा सुटलेला — सुटली कसली, मीच सोडली — आणि तिनं मला आठ महिने ओसरीवर ठेवून घेतलं. डेंग्यूनं हाडं मोडून आली तेव्हा ताकात भाकरी कालवून वाटी माझ्या तोंडाशी धरली. 'कोकण्या' म्हणायची. 'काऊन रे कोकण्या, तुह्या गावात लोकं जेवत नाई का?' असं म्हणत वाढत राहायची. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा. मी ते त्या एका सकाळी विसरलो नव्हतो — त्यामुळंच तर झालं — पण नंतर विसरलो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला फोनवर नाही, मॅडमना तर नाहीच. चार वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा मावशीचा फोन आला, आणि ती माझ्यासाठी वांगी पाठवायची म्हणत होती, म्हणून असेल.

मॅडम कोण ते सांगायला हवं. आमच्या गावाबाहेर गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात फडक्यात तांदूळ बांधून सोडायचे आणि शिजलेला भात बघ्यांना दाखवायचा, हे माझं कामधंदा म्हणण्यासारखं काम होतं. त्या पाण्यात चांदीचं पैंजण बुडवलं तर काळं पडतं. लहानपणी मी शाळेत विचारलं होतं, का? गुरुजी म्हणाले, देवीला दागिन्याचा गर्व चालत नाही. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं विचारायचं कुणाला? मग एका वर्षी थर्मामीटर आणि बाटल्यांची पेटी घेऊन या मॅडम आल्या. पाण्यात विरघळलेल्या धातूंचा अभ्यास करतात. मी त्यांनाही तेच विचारलं. त्या कुंडाच्या काठावर बसल्या आणि अर्धा तास मला सांगत राहिल्या. पाऊस जमिनीत मुरतो, खोल जातो, तिथं तापतो, आणि तापलेलं पाणी वर येताना खडक खात खात येतं. लोखंड, जस्त, शिसं — जे भेटेल ते पोटात घेऊन. वर दिसतं ते पाणी काचेसारखं स्वच्छ, पण त्यात डोंगराचे कण असतात. आणि गंधक असतो, तो चांदीला काळं करतो.

मला त्या दिवशी काय झालं ते सांगता येत नाही. स्वच्छ पाण्याच्या पोटात धातू — आणि मी त्यात बारा वर्षं भात शिजवत होतो. महिनाभरानं मॅडमनी विचारलं, माझ्याबरोबर कामाला येतोस का? मी चौकशीही केली नाही, कुठं जायचंय.

जायचं होतं बुलढाणा जिल्ह्यात. सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली पूर्णा नदीकडं जावं तसतसं विहिरीचं पाणी खारट होत जातं. चहा फुटतो, डाळ शिजत नाही. मॅडमना बघायचं होतं की त्या पाण्यात कुठले धातू येतात, किती येतात, आणि कुठून येतात. पायथ्याशी जमिनीत खोल भेगा आहेत. त्यातून गरम पाणी वर येऊन विहिरींत मिसळतं का? हा त्यांचा प्रश्न. माझं काम बाटल्या भरणं. तशा चाळीस विहिरी ठरवल्या होत्या.

बाटली भरणं म्हणजे काय मोठं काम, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्या बोटातली तांब्याची अंगठी काढायला लावली. कडं काढलं. बिडी बंद. हातमोजे घालायचे, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची, मग ॲसिडचे थेंब टाकायचे, म्हणजे धातू बाटलीला चिकटत नाही. पाणी काढायचं ते फक्त आमच्या प्लास्टिकच्या बादलीनं आणि नायलॉनच्या दोरीनं. दुसरं भांडं नाही. कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी नाही. मॅडम म्हणायच्या, आपण जे मोजतोय ते इतकं थोडं आहे, की तुझ्या शर्टाचं बटण खोटं बोलू शकतं.

मी हे सगळं पाठ केलं. मला भीती वाटायची — अजून वाटते — की एक चूक, आणि परत कुंडावर भात.

मावशीची विहीर आमच्या यादीत तेवीस नंबरची. तिच्या सासऱ्यानं खोदलेली. आणि गोड. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी जिभेला लागायचं, पण हिचं नाही. सगळी आळी डाळीपुरतं पाणी तिथून न्यायची. नवी बाळंतीण सव्वा महिन्यानं पाणवठ्याची पूजा करते ना, ती पूजाही गावात नळ असला तरी याच विहिरीवर व्हायची. मावशी ओटा आधीच सारवून ठेवायची. तिच्याकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. विहीर होती.

तर तिच्या विहिरीचं पाणी मोठ्या शहरात तपासायला जाणार, हे तिनं गावभर केलं होतं. ज्या सकाळी मी बादली-दोरी घेऊन मळ्यात गेलो, तेव्हा ओट्यावर एक पितळेची घागर ठेवलेली. लख्ख. चिंच लावून घासलेली, आतून नवी कल्हई, गळ्याला हळदकुंकवाची बोटं. वर ताटली झाकलेली. आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली होती, सकाळी माझा खोळंबा नको म्हणून. तिच्या माहेरची घागर. बाजाराच्या दिवशी आलेल्या कल्हईवाल्याकडून मुद्दाम उजळून घेतलेली.

मी म्हटलं, मावशी, मला या बादलीनंच काढायला लागतं.

तिनं माझ्या हातातल्या बादलीकडं पाहिलं. 'माह्या विहिरीचं पाणी पारखाले चाललं, अन् ते त्या पिलास्टिकच्या डबड्यानं? पाहुण्याच्या घरी फाटक्या लुगड्यानं जात असते का कोणी?'

शेजारच्या वच्छलाबाई कुडावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, 'घे ना बापा. रातभर झोपली नाई ते. पोरीले पाहाले येऊन राह्यले असं करून राह्यली.'

दोघी हसल्या. मीही हसलो. आणि घागरीतून बाटली भरली.

तीनदा विसळली, बरं का. हातमोजे घातले. झाकणाच्या आत बोट लावलं नाही. सगळे नियम पाळले, तो एक सोडून. मनात म्हटलं, आता हिचं मन राखू, ती घरात गेली की बादलीनं दुसरी बाटली भरू आणि ही ओतून टाकू. पण ती घरात गेली नाही. उभीच राहिली, बाटलीवर मी नंबर लिहीपर्यंत. मग रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, पुढच्या गावाला जायचं होतं. मी गेलो. जीपमध्ये बसून वहीत लिहिलं — क्रमांक तेवीस, विहीर, प्लास्टिक बादली, नायलॉन दोरी. बावीस ओळी तशाच होत्या. हात आपोआप चालला. असं म्हणू का? नाही. हात आपोआप चालला नव्हता. 'प्लास्टिक'च्या प ला मी थांबलो होतो. मला आठवतंय.

आकडे यायला दोन महिने लागले. मॅडमचा फोन आला तेव्हा मी मावशीच्याच ओसरीवर होतो, ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मॅडम म्हणाल्या, तेवीसमध्ये शिसं आहे. पिण्याच्या पाण्यात असावं त्याहून बरंच जास्त. बरोबर तांबं, जस्त, थोडं कथील. बाकी एकाही विहिरीत असं नाही.

त्यांनीच मला शिकवलं होतं की धातू कधी एकटे येत नाहीत, त्यांची सोबत बघायची, सोबतीवरून घर ओळखायचं. तांबं आणि जस्त म्हणजे पितळ. कथील आणि शिसं म्हणजे स्वस्तातली कल्हई. मला फोन ठेवायच्या आधीच सगळं कळलं होतं. आणि मॅडमना कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? त्यांनी विचारलंच. अगदी सावकाश.

'सुधाकर, एखादं घरातलं भांडं वापरलं होतंस का? झालं असेल तर सांग, काही होत नाही. परत घेऊ.'

बघा, त्यांनी दार उघडून धरलं होतं. काही होत नाही, म्हणाल्या होत्या. त्या खोटं बोलत नाहीत. तरी मी म्हणालो, 'नाही मॅडम. बादलीच होती.'

दोन शब्दांचं वाक्य. ते बोललो आणि विहीर दोषी ठरली. भांडं नाही, तर मग शिसं विहिरीतच असणार ना? दुसरं कुठून येईल?

मॅडम सरळ बाई. त्या स्वतः आल्या, मावशीला समोर बसवून सांगितलं की पुन्हा तपासणी होईपर्यंत हे पाणी पिऊ नका, कुणाला देऊ नका, मुलांना तर अजिबात नको. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, 'कधीपासून असन बाई ते? माह्ये सासरे याच पाण्यावर गेले.' मॅडम म्हणाल्या, ते सांगता येणार नाही. मी तिथंच होतो. दारापाशी. बाटल्यांची पेटी हातात.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी सांगायला लावलं नव्हतं. आळीतली माणसं वाईट नव्हती, कुणी टाकून बोललं नाही. पण घागरी यायच्या थांबल्या. त्याच महिन्यात वच्छलाबाईंच्या सुनेचा सव्वा महिना भरला. मावशीनं सवयीनं ओटा सारवला, रांगोळी काढली. दुपारी वाजंत्री ऐकू आली ती हातपंपाकडून. मी मळ्यात होतो. ती रांगोळीजवळ बसून वांग्याच्या फांद्या मोजल्यासारखं काहीतरी करत होती. मला म्हणाली, 'बरं केलं वच्छलानं. लेकराचा जीव हाय.' आणि पायानं रांगोळी पुसली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं.

याहून वाईट पुढं आहे.

मावशी गावातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं पाणी कॅननं आणायला लागली. ते स्वच्छ पाणी घरी आणून ती कशात ओतायची? त्याच घागरीत. रोज रात्रभर. सकाळी त्यातलंच प्यायची, चहा त्यातलाच. विहीर सुटली होती, शिसं नाही. हे साऱ्या जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो तिच्या हातचा चहा पीत होता.

मी काय केलं? संग्रामपूरच्या बाजारातून स्टीलची टाकी आणली, तोटीची. भेट म्हणून. तिनं डोळ्याला पदर लावला आणि टाकी फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली, शोभेला ठेवतात तशी. 'एवढी भारी वस्तू का रोज वापराची असते?' मग मी म्हटलं, घागर बुडाशी डुगडुगते, खामगावला ठोकून आणतो. ती खरंच डुगडुगायची. दिली तिनं. आठवड्यानं मी रिकाम्या हातानं परत गेलो आणि म्हणालो, एसटीत राहिली.

ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाली, 'माहेरचं तेवढंच राह्यलं होतं. जाऊ दे. तू त आला ना वापस.' आणि टाकी फळीवरून खाली काढली.

घागर एसटीत राहिली नव्हती. मॅडमनी तेव्हा खामगावला कापसाच्या जुन्या जिनिंगशेजारी सामानासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि मला तिथं राहायला सांगितलं होतं. घागर तिथं माझ्या खाटेखाली, पोत्यात गुंडाळून. आजही तिथंच आहे. मी हे त्याच खाटेवर बसून लिहितोय.

दुसऱ्यांदा मी बादलीनं पाणी काढलं, मॅडमसमोर. आकडे आले — काही नाही. शिसं नाहीच. मॅडमनी मावशीला जाऊन सांगितलं, प्यायला हरकत नाही. पण तोवर सहा महिने गेले होते. यंत्राच्या पाण्याची सवय झाली होती, आणि एकदा शिसं ऐकलं की 'आता नाही' हे कोण ऐकतं? वच्छलाबाई म्हणाल्या, 'आज नाई म्हंते, उद्या असन म्हंतीन. आपल्याले काय समजते?' त्यांचंही चुकलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

मॅडमचं वेगळंच झालं. एकदा आहे आणि एकदा नाही — त्यांना तो आकडा सोडवेना. त्यांना वाटलं, खालच्या भेगेतून गरम पाण्याची लाट कधीतरी वर येत असेल, धातू घेऊन, आणि जात असेल. त्यांचे डोळे चमकायला लागले. चार हंगाम आम्ही त्या विहिरीत हात-हातभर खाली उतरवत थर्मामीटर सोडलं. दोरी माझ्या हातात. पाणी दर वेळी सारखंच गार. मॅडम म्हणायच्या, 'काहीतरी हुकतंय आपल्या हातून, सुधाकर.' त्या विद्यार्थ्यांना शिकवताना तेवीस नंबरचं उदाहरण देतात — प्रत्येक आकडा समजेलच असं नाही, म्हणून. हे सांगताना किती नम्र होतात त्या. आणि मी मागं उभा राहून पेटीची कडी लावत असतो.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःलाही नीट समजलेली नाही. गेल्या वर्षी, त्या थर्मामीटरच्या फेरीत, मी तेवीसचं पाणी नियमाप्रमाणं काढून प्लास्टिकच्या कॅनमधून खामगावला आणलं. एक बाटली सरळ भरली. उरलेलं घागरीत ओतलं, ताटली झाकली, सकाळी दुसरी बाटली भरली. दोन्हींत ॲसिडचे थेंब. प्रयोगशाळेत यंत्र चालवणारा माणूस ओळखीचा आहे, त्याला म्हटलं, माझ्या गावाकडच्या झऱ्याचं पाणी आहे, वेळ मिळेल तेव्हा लाव. आणखी एक खोटं. पण मला बघायचं होतं. मला तीन वर्षं पक्कं माहीत होतं, तरी बघायचं होतं. हे कसलं कुतूहल, सांगता येईल तुम्हाला? कुंडाच्या काठी पैंजण बुडवून बघणाऱ्या पोराचं, की पुरावा मिळाल्याशिवाय कबूल न होणाऱ्या माणसाचं?

कागद आला. पहिल्या बाटलीत काही नाही. दुसरीत शिसं, तांबं, जस्त, कथील. आकडा पहिल्या वेळेपेक्षा कमी, कल्हई झिजलेली, पण सोबत तीच. तेच चौघं.

मी तो कागद हातात घेऊन खाटेवर बसलो आणि — लाज वाटते लिहायला — क्षणभर आनंद झाला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं प्रश्न मांडला, दोन बाटल्या भरल्या, उत्तर मिळवलं. मॅडमना चार हंगामांत न मिळालेलं. त्यांना हे दाखवलं असतं तर त्या मला पाठीवर थाप मारून म्हणाल्या असत्या, हेच शिकवत होते मी तुला. आणि मग विचारलं असतं, घागर कुठून आणलीस? कागद घडी करून घागरीत टाकला. चांगलं काम आयुष्यात एकच केलं, ते दाखवायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

मला मॅडमनी वर आणलं. मला मावशीनं जगवलं. एकीचा आकडा मी खोटा केला, दुसरीची विहीर. नोकरीची भीती होती हे खरं, पण 'काही होत नाही' म्हणणाऱ्या बाईला नाही म्हणालो ते भीतीनं नाही. त्यांच्या डोळ्यात मी नियम पाठ असलेला माणूस होतो. तो तसाच राहावा, एवढ्यासाठी.

खामगावहून मावशीच्या गावाला एसटीनं दोन तासही लागत नाहीत. मी तिच्याकडं जातो, जेवतो, परत येतो. ती आता विहिरीचं पाणी फक्त वांग्यांना देते. ओटा सारवत नाही.

मॅडम पुढच्या महिन्यात धाड गावाकडच्या विहिरींसाठी येणार आहेत. त्यांच्या टेबलावर तो कागद आणि मी हे लिहितोय ती वही ठेवीन. त्या काय करतील ते त्यांचं. मग घागर. मी ती घासलेली नाही, उजळलेली नाही, तशीच नेईन. मावशीच्या ओट्यावर ठेवीन, वच्छलाबाईंना कुडाजवळ बोलावीन, आणि त्या दोघींसमोर म्हणेन की विहिरीत कधीच काही नव्हतं, शिसं या घागरीच्या कल्हईत होतं. मावशीला घरोघरी सांगत फिरावं लागलं होतं. आता मी फिरेन, तेवढीच घरं, एकेक. विहिरीचं पाणी सगळ्यांच्या समोर ओंजळीनं पिऊन. ती मला ओसरीवर बसू देईल की नाही, हा विचार मी करत नाही. गोकर्णा मावशीची घागर तिला परत मिळेल, आणि तिची विहीरही. हे देणं माझं आहे, मी ते फेडीन.